ससेभाऊंचं चालणं

फसवलंय तुम्हाला. कोणी ते मला माहीत नाही — मेहुण्यानं असेल, नाहीतर त्या बुकिंगवाल्या पोरीनं फोनवर गोड आवाजात — पण ज्यानं कोणी सांगितलं ना, की मूल लहान असलं की पार्कच्या आतल्या हॉटेलातच राहावं, त्यानं चक्क फसवलंय. अहो नाही, बसा तुम्ही दादा, बॅग ठेवा खाली, आमच्याच लॉजमध्ये राहा असं कुठे म्हणतेय मी? वहिनी गाडीतच थांबल्यात का? आणि लेक? झोपलीय होय — झोपू दे. मग ऐका. आत राहिलं की चालणं वाचतं म्हणतात. कसलं डोंबलाचं वाचतंय! हॉटेल तळ्याच्या पार पलीकडे, तिथून पाळण्यांपर्यंत त्यांची छोटी गाडी, गाडीला रांग, रांगेवर ऊन. आणि आमच्याकडे? रस्ता ओलांडला की गेट, मधे फक्त फुगेवाला. दुपारी पोरगी किरकिरायला लागली की उचलायची, इथे आणून झोपवायची, ऊन उतरलं की परत जायचं. तिथे आत छताला ढग रंगवलेत, पण खिडकी उघडत नाही. काच नुसती, गॅलरीकडे बघणारी. आमची बाथरूम लहान आहे, खोटं कशाला बोलू, गरम पाणी यायला जरा दम धरावा लागतो — पण खिडकी उघडते.

कुठली खोली? वरची, कोपऱ्यातली? ती नाही देत आम्ही. गळते ती. — हो, पार्क दिसतो तिथून, भिंतीपलीकडचा परेडचा रस्ता अख्खा दिसतो, म्हणूनच सगळे मागतात. पण गळते. उन्हाळ्यात? उन्हाळ्यातसुद्धा. असते एखादी खोली तशी.

काय म्हणालात? ससा? — म्हणजे ते सांगितलंच त्यांनी. दुपारी ससेभाऊ खोलीच्या दारात येतात, दार वाजवतात, मुलांना परेडला बोलावतात, फक्त आत राहणाऱ्या पाहुण्यांसाठी — आणि पोरीनं तेवढ्यासाठीच हट्ट धरलाय. धरणारच की. मोबाइलवर आहे? बघू. ... थांबा, मागे घ्या जरा. अजून थोडं. तो चालतो ना, तिथे. — नाही. ही ताई नाही. — काही नाही हो, चालू द्या तुम्ही. कोणी दुसराच आहे आत. पाय बघा त्याचा, उजवा — आधी जरा मागे राहतो, मग टुणकन उडी मारून दुसऱ्याला गाठतो — छान जमवलंय, पण शिकवलेलं कळतं. ताईचा खरंच मागे राहायचा. लहानपणी सायकलवरून पडली होती, गुडघा कधी नीट बसलाच नाही, त्यामुळे ती चालायची ती अशी, घरात, रस्त्यावर, सगळीकडे. वेश चढवून पहिल्या दिवशी चालली आणि मुलं वेडीच झाली. पार्कच्या साहेबांना इतकं आवडलं की पुढे नियमच केला — ससेभाऊ असेच चालणार. घरात ताई आणि कामावर भाऊ! किती हसायचो आम्ही. मी तिला म्हणायचे, ताई, जगात तूच एक बाई असशील जिच्या लंगडण्याचे पैसे मिळतात. ती म्हणायची, तू कॉलेजात एवढी शिकतेस, तुझ्या भाषणांचे मिळतात का?

आता जो कोणी तो वेश घालतो ना दादा, त्याला आधी माझ्या ताईचं चालणं शिकवतात.

नाही, ती नाही आता. दोन उन्हाळे झाले. — आतल्या हॉटेलातच. म्हणजे गॅलरीत. खोल्यांमध्ये एसी, पण गॅलरीत रणरणतं ऊन, आणि वेश म्हणजे अंगावर गादी गुंडाळल्यासारखा. नियम ठरलेले. दार उघडेपर्यंत हलायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. पाहुण्यांसमोर मुंडकं काढायचं नाही — त्या सशाच्या डोक्याला ते मुंडकंच म्हणतात. आणि त्या दिवशी खोलीतली माणसं, चांगली होती हो, नंतर इथे येऊन आईच्या पायाशी बसून रडली — त्यांनी गंमत म्हणून दार उघडलंच नाही. मुलं काचेला नाकं लावून, अजून वाजव, अजून वाजव! आणि ही वाजवत राहिली. मग चक्कर आली असेल — तर माझी बहीण काय करते? ओरडते? दारावर लाथ घालते? मी असते तर घातली असती, नोकरी गेली खड्ड्यात! नाही. इतकी मुरलेली त्या कामात की मदत मागितली तीसुद्धा सशाच्याच खाणाखुणांनी. दोन्ही कान धरले, झोकांडी खाल्ली, पोटावर हात फिरवला. मुलं खदाखदा हसली. खाली बसली — टाळ्या. आडवी झाली — अजून टाळ्या.

दार उघडलं मग. पण उशिरा.

पाणी घेता का? घ्या ना — मला नको. — मग त्यांनी काय केलं सांगू? मुंडक्यात पंखा बसवला. छोटा. मी गेले होते भांडायला, सोडते होय मी! फार मागितलं नव्हतं. म्हटलं, अगदीच जीवावर बेतलं तर 'पाणी' एवढा एक शब्द बोलायची मुभा द्या. एक शब्द! तर साहेब शांतपणे म्हणतात, ससा बोलायला लागला तर मुलांच्या मनातली जादू जाईल. जादू जाईल म्हणे. — पंखा बसवलाय पण, ते मात्र खरं.

म्हणून सांगते, आत नका राहू. पोरीला ससा परेडमध्ये दाखवा, लांबून. लांबूनच बरा तो. मी बघते ना — वरून, त्या खोलीतून... हो. गळत नाही ती. परेडच्या वेळी मी असते तिथे. मला कळतं हो आत ताई नाही, मी काय वेडी आहे? पण वळणावरून तो येतो, पाय मागे ठेवतो, टुणकन उडी मारतो — आणि मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकते, दर वेळी. मागे एकदा ओरडलेच मी वरून, ताई! — आणि तो थांबला. वर बघितलं. हात हलवला, असा, दोन्ही हातांनी. — माहितीये मला! हाक मारणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हात हलवायचा, तोही नियमच आहे. पण मी तेव्हापासून रोज हाक मारते. आणि तो रोज हात हलवतो. आईला हे माहीत नाही, तिला बोलू नका, ती आत चादरींच्या घड्या घालतेय. ती या विषयावर अक्षर काढत नाही. दोन वर्षांत पार्कचं नाव नाही तोंडात, भिंतीकडे बघत नाही, फुगेवाल्याशीसुद्धा बोलत नाही...

उठलात? वहिनींना विचारून येता? विचारा. पण तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला, पोरीचा हट्ट मोडवत नाहीये. जा मग! जा आत, ढगांखाली झोपा. मी कशाला घसा कोरडा करत बसलेय — आई? तू कधीची उभी आहेस इथे? काही नाही गं, हे निघालेच आहेत —

"राहा हो तुम्ही आतच, लेकराचं मन मोडू नका. फक्त तो आला की लगेच दार उघडा, आणि घोटभर पाणी द्या त्याला — मागायचा नाही तो."