कॅरम स्पर्धेतली सक्तीची पंगत

एका बोर्डावर खेळायला आमच्या क्लबातल्या मंडळींची हरकत नसते, एकच स्ट्रायकर आळीपाळीने बोटाखाली धरतात. पण शेजारी दुसऱ्या जातीच्या माणसाचं पान मांडलं की लगेच अंग चोरतात. म्हणून तर डोंबिवलीच्या आमच्या क्लबच्या कॅरम स्पर्धेत मी मुद्दाम नियम घातलेला : दुपारी सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, जो जेवणार नाही तो बाद.

जवळच्या खेड्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला सखाराम पहिल्यांदाच खेळायला आलेला. सकाळचे सगळे डाव त्याने जिंकले. पानं मांडल्यावर तो येऊन बसला. बाकीचे दारातच थांबले.

"माझा आज उपास आहे," जोशी म्हणाला.

"माझाही," मागून दुसरा म्हणाला. मग सगळेच.

"रविवारी कसला उपास रे?" मी विचारलं.

"घरचा आहे."

अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "उपासवाल्यांना बाद कसं करणार? नियम काढून टाका."

सखाराम तोवर पानावरून उठलेला. "जेवण राहू दे, दादा," तो म्हणाला. "फायनल तेवढी खेळू द्या."

आचारी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाला, "साबुदाणा केला असता ना, तरी यांनी दुसरं काहीतरी काढलं असतं."