वर असताना

गडचिरोलीत प्लास्टर काढायच्या रांगेत माझ्यापुढे बापलेक बसले होते. लेकीच्या मांडीवर चाकांचे बूट होते.

“हे इथी काऊन आणलेस, पुनम?”

“प्लास्टर निघालं का थेट सरावाले जाईन.”

“त्या हेमराजनं डोक्यावर उचललं अन् पाडलं. आता त्याच्यासंग जोडीनं स्केटिंग खेळणं बंद.”

“त्यानं नाई पाडलं, बाबा.”

“लोक काय बोलून राह्यले, माहीत आहे? परका पोरगा पोरीले उचलते म्हणते.”

“उचलते. खेळच तसा आहे. दोन साल राज्यात पहिले आलो, तवा हेच लोक हार घेऊन आले होते.”

“अन् हात मोडला तो?”

“राइस मिलच्या ओट्यावर आमी सराव करतो. त्याच्या चाकाखाली धानाचा एक दाणा आला तरी मी पडीन, म्हणून तो रोज दोनदा ओटा झाडते. तीन सालात तिथी एकदाही नाई पडली मी.”

“मंग स्पर्धेत कशी पडली?”

“वर गेल्यावर समोर पाहायचं असते. खाली पाह्यलं का तोल जाते. मी खाली पाह्यलं.”

“काऊन?”

“तुमी येतो म्हणले होते. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची धरली होती. ती रिकामी होती.”

आतून पुनमच्या नावाचा पुकारा झाला. तिनं बूट बापाच्या मांडीवर ठेवले.

“पुढच्या महिन्यात नागपूरले स्पर्धा आहे. या, नाईतर नका येऊ. मी खाली पाहणार नाई.”