दोन नंबरचं मुंडकं

(मुलांनो, माझ्याबरोबर जरा डोळे मिटा. एक उंच काठी, खाली तीन चाकं, वर पडदा. शेकडो मैलांवर घरी बसून तपासणी करणाऱ्या बाईंचा चेहरा त्या पडद्यावर दिसतो आणि त्यांनी इकडे बटण दाबलं की तिकडे काठी चालू लागते. शीतगृहातले कामगार तिला ‘मुंडकं’ म्हणतात. तिला डोळा आहे, कान आहेत, तोंड आहे; हात तेवढे नाहीत. आज सुट्टी, म्हणून शीतगृहात दोनच माणसं. महिन्याच्या तपासणीसाठी आलेले मेकॅनिककाका आणि फाटकावरचा वॉचमन. इकडे बाईंच्या शेजारी त्यांची नऊ वर्षांची लेक खारू गृहपाठ करतेय. आता डोळे उघडा आणि ऐका.)

काका : हसू नका मॅडम, पण आपण आत आलो आणि बर्फाच्या खोलीचं दार लागलं मागं.

आई : लागलं म्हणजे? दारात पाचर लावली होती ना तुम्ही?

काका : लावली होती. पण तुमचं मुंडकं तिच्यावरून आत येईना, म्हणून पायानं सारली बाजूला.

आई : बरं, मग आतला लाल खटका दाबा. त्यानं उघडतं दार.

काका : तेच करतोय. आत बर्फ धरलाय. दगड दाबावा तसं वाटतंय.

आई : दोन्ही हातांनी दाबा.

काका : दोन्हीच लावलेत. तिसरा असता तर तोही लावला असता.

आई : पण मागच्या महिन्यात मी बघितला होता तो!

काका : बघितला होता. दाबून दाखवा म्हणाला नव्हतात.

आई : हो. लाल दिसला आणि मी ‘ठीक’ लिहून मोकळी झाले.

काका : जाऊ द्या. मी तरी कुठं बोललो? मलाही घरी जायची घाई होती.

आई : तुमचा जाड कोट कुठाय?

काका : बाहेर खुंटीला. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम.

खारू : आई, तिथं किती थंडी आहे?

आई : उणे वीस. तू लिही गं तुझं.

काका : कोण, खारूताई का? ऐक, माझ्या सासरचे म्हणायचे, जावईबापू, भर उन्हाळ्यात तुमची मजा! आता बोलवतो सगळ्यांना इथंच.

आई : काका, खाली बसू नका हं. मोबाइल लागतोय का बघा.

काका : पोलादी भिंती, मॅडम, रेंज नाही. मुंडकं तेवढं खोलीतल्या वायफायवर चालतंय. तुमचा आवाज येतोय तेवढाच माझा आधार.

आई : चालत राहा, मी वॉचमनला फोन लावते. वाजतोय... उचल रे बाबा, उचल... नाही उचलत. मालक विमानात. थांबा, अग्निशमनला लावते... हॅलो, शीतगृहात माणूस अडकलाय, खोली नंबर तीन... किती? पस्तीस मिनिटं? अहो, त्याच्या अंगात नुसता स्वेटर आहे!

खारू : काका, तुम्ही का थांबलात?

काका : पाय जरा जड झालेत गं. इथं खोक्यावर टेकतो क्षणभर.

खारू : टेकायचं नाही! आई, ते बसतायत!

आई : खारू, इकडे ये. माझ्या जागेवर बस. त्यांना बोलतं ठेव. काहीही विचार, पण गप्प बसू देऊ नकोस.

खारू : काका, पावलं मोजा. मोठ्यानं.

काका : एक... दोन... मास्तरीणच आहेस की तू. तीन...

आई : पुन्हा लावते वॉचमनला. वाजतोय, पण कोणी घेत नाही. केबिनमध्ये ठेवून बाहेर बसला असणार रेडिओ लावून.

खारू : आई, कोपऱ्यातली बॅटरी लाल झाली. मघाशी चाळीस होती, आता अकरा.

आई : थंडीनं उतरतेय. देवा! ती गेली की आपला आवाजही गेला.

काका : एकवीस... मॅडम, बॅटरी म्हणालात का?

आई : काही नाही हो. तुम्ही मोजा.

काका : बावीस. दिवा मालवायच्या आधी एवढंच सांगतो, माझ्या घरी फोन करू नका. उगाच घाबरतील.

खारू : आई, दोन नंबरचं मुंडकं चालवू?

आई : कुठलं दोन नंबरचं?

खारू : ऑफिसातलं, मालकांचं. तुझ्या टॅबवरून सुरू होतं ते. पासवर्ड माझा वाढदिवस आहे.

आई : तुला कसं... गेल्या वेळी कुंडीत घातलंस ते तूच होय! बरं, ओरडेन नंतर. उघड लवकर. मी बसते काकांशी बोलत.

खारू : उघडलं. ऑफिसात अंधार आहे. काचेचं दार आपोआप सरकलं. व्हरांड्यात आले, आई!

आई : फाटक दिसतंय?

खारू : दिसतंय. वॉचमनकाका पाठ करून बसलेत. वॉचमनकाका! ओ वॉचमनकाका!

आई : ऐकतोय का?

खारू : नाही. रेडिओ वाजतोय. ह्या मुंडक्याचा आवाज डासाएवढा आहे.

आई : मग जा ना जवळ.

खारू : पुढं लोखंडी जिना आहे. पाच पायऱ्या.

आई : उतार नाही कुठं?

खारू : नाही गं! दोन्हीकडं कठडा आहे.

काका : पंचेचाळीस... सेहेचाळीस... खारूताई, इथं झोप फार छान लागेल बघ...

आई : काका, डोळे उघडे ठेवा! माझ्याकडं बघा! सत्तेचाळीस म्हणा!

काका : सत्तेचा...

आई : काका? हॅलो? गेलं. पडदा काळा झाला, खारू. काहीच दिसत नाही.

खारू : ते ऐकत असतील?

आई : आता ते एकटेच आहेत तिथं.

खारू : आई, हे मुंडकं जिन्यावरून पडलं तर मोडेल?

आई : तुकडे होतील त्याचे.

खारू : आणि पडल्याचा आवाज? मोठा होईल?

आई : खारू...

खारू : मालक तुला कामावरून काढतील?

आई : दाब तू. दाब.

खारू : डोळे मिटू का?

आई : नको. बघून चालव.

खारू : पुढं... पुढं... गेलं! आई, सगळं आडवं दिसतंय. जमीन भिंतीसारखी उभी झाली.

आई : चालू आहे ना? बोल, बोल त्याच्याशी!

खारू : काच तडकलीय. कोणीतरी आलं. वॉचमनकाका, मी खारू बोलतेय, पडद्यातून. मेकॅनिककाका तीन नंबरच्या खोलीत अडकलेत. बाहेरून दार उघडा. पाचर लावा आणि खुंटीवरचा कोट घेऊन जा.

आई : काय म्हणाला? अगं, काय करतोय तो?

खारू : तोंड दिसत नाहीये त्यांचं. नुसते बूट दिसतायत, आई. पण पळतायत.