टँकर येतो तेव्हाचं समूहगान

लातूर जिल्हा नवा झाला, त्या सालच्या दुष्काळातली गंमत सांगते. नव्या जिल्ह्याच्या सोहळ्यासाठी आमच्या गाण्याच्या सरांनी खास बायकांचं समूहगान बांधलं होतं. एक रांग गाते तेव्हा दुसरी गप्प राहते, असं. मंत्र्यांपुढं आम्ही सूर लावला आणि मंडपामागं पाण्याचा टँकर आला. आमच्या घागरी सकाळपासून तिथंच रांगेत.

सर कळवळले, "बायांनो, कुणी हलू नका!"

आमच्यातल्या थोरल्या शांताबाई म्हणाल्या, "गाणं बी सोडायचं न्हाई, पाणी बी न्हाई. गप्प रांगेनं जाऊन घागरी भरायच्या."

झालं! एक रांग गायची, दुसरी पाण्याला पळायची. गाणं फिरून फिरून पहिल्या ओळीवर. शेवटी एक साहेब शांताबाईंजवळ येऊन कुजबुजले, "बाई, अजून किती कडवी?"

"ते टँकरवाल्याला इचारा, साहेब."