दाखला आणि खरी तारीख

तुम्ही हसाल, पण तेव्हा माझी चांगलीच पंचाईत झाली होती. लग्नासाठीच्या बायोडेटात आईनं माझं वय दोन वर्षं कमी लिहिलेलं, आणि नोकरीच्या अर्जाला जन्माचा दाखला लागत होता. ग्रामपंचायतीत जाऊन मी ग्रामसेवकांना हळूच म्हणाले, "काका, माझी जन्मतारीख कुणाला सांगू नका हं. जमलेलं स्थळ मोडेल."

"बिलकुल न्हाई, ताई! परवा त्याच स्थळाचे, हसनाबादचे पाव्हणे चौकशीला आल्ते. म्हणलं, पोरीची खरी तारीख मी सांगणार न्हाई!"

मी टेबलच धरलं. "खरी म्हणालात? मग?"

"मंग काय, हसले. त्यांचं पोरगं बी इथंच, मामाच्या गावी जन्मलेलं. म्हणले, त्याची बी सांगू नका!"