घागरीतले उपाशी

बासष्ट सालची अकोला-अकोट एस.टी. वासानं जीव नकोसा झाला, तशी सिंधू मास्तरणीनं नाकाला पदर लावला. कान मात्र मागच्या सीटकडेच होते. तिथं नगरपालिकेचे खुशालराव मांडीवर उघडी घागर घेऊन बसलेले, आणि शेजारी लीलाबाई.

"भाऊ, झाकण लावा ना!" लीलाबाई म्हणाल्या.

"मरतीन ते, बाई. हवा लागते त्यांले."

"कोन हाय आत?"

"जंतू. गाळाच्या दाण्यादाण्यात बसले हायेत. गावाची घाण खातात, पानी साफ करतात. आमच्या सांडपान्याच्या नव्या हौदात सोडाचे हायेत."

"सकाळपासून उपाशी?"

"उपाशीच."

"अगं माय! घ्या, माह्याजवळ भाकर हाय."

"भाकर नाई खात ते. भाकर पोटातून गेल्यावर जे होते, ते खातात."

"मंग अकोट येऊ द्या म्हना त्यांले. चालत्या गाडीत कसं जमन?"