माडावर चढायची खुर्ची

तुम्हाला खोटं वाटेल, पण सौदीत अल-खोबरमध्ये झाडावर चढायची खुर्ची घ्यायला मी स्वतः सलीमबरोबर गेलो होतो. सलीम माझा रूममेट, रत्नागिरीकडचा. त्याचे अब्बा सत्तरीतही नारळ काढायला स्वतः माडावर चढतात आणि हा इथे बसून घाबरतो.

शिकारी झाडावर दबा धरून बसतात तसली ती खुर्ची शिकारीच्या सामानाच्या दुकानात मिळाली. तिचे दोन भाग, दोन्ही पट्ट्याने खोडाला अडकतात. आधी उभं राहायचं आणि बसायचा भाग वर सरकवायचा, मग त्यावर बसून पायाखालचा. असं करत वर जायचं.

मलबारी दुकानदाराने विचारलं, "भाई, किसका शिकार करेगा?"

"नारियल का," सलीम अगदी गंभीरपणे म्हणाला.

मी म्हटलं, लोखंडी घे, मजबूत आहे. पण याने दोन्ही उचलून पाहिल्या आणि अॅल्युमिनियमची घेतली. "अब्बांचे खांदे दुखतात रे. हलकीच बरी."

गावी जाणाऱ्या चुलतभावाबरोबर ती पाठवली. शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावला, तर खुर्ची माडाच्या बुंध्याला झकास बांधलेली, पण रिकामी.

"अम्मी, अब्बा कुठे आहेत?"

अम्मीने फोन वर धरला. अब्बा शेंड्याला, नेहमीसारखे अनवाणी!

"अब्बा! मग खुर्ची कशाला पाठवली मी?"

वरून आवाज आला, "अरे, माड वरपर्यंत धड आहे का, ते आधी बघायला नको? सुट्टीत आलास की तू बसणार तिच्यावर. तुझी चढायची सवय गेलीय ना, बाबा!"